आधी तिचा लॅपटॉप परत करा

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सीजीपीए 7.1. तिला नदीच्या पुराचा धोका मोजण्याच्या कामात जायचंय, विमा कंपन्यांसाठी किंवा पूररेषा आखणाऱ्यांसाठी. तुमचा आग्रह स्पर्धा परीक्षेचा. ती ‘दिवसभर नद्यांचे नकाशे उघडून बसते’ म्हणून फॉर्म भरेपर्यंत तुम्ही तिचा लॅपटॉप कपाटात ठेवलाय. आणि मी तिची समजूत काढणारं उत्तर द्यावं, म्हणजे तुम्हाला ते तिला वाचून दाखवता येईल.

तसं उत्तर मी देणार नाही. मला 7.1 ची काळजी नाही, त्या कपाटाची आहे. कळत्या वयाच्या मुलीची वस्तू अडवून तिच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, याला जबरदस्ती म्हणतात. फॉर्म ती भरेलही. पण पुढची काही वर्षं अभ्यास तिला करायचाय आणि धाकापोटी धरलेला अभ्यास पहिल्या अपयशालाच सुटतो. एवढ्या लांबलचक पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला यातलं काय आवडतं, आकडेमोड, नकाशे की नदीकाठची पाहणी, हे तुम्ही विचारलेलंही दिसत नाही. शिवाय ‘नकाशे बघत बसणं’ हा या कामाचा मोठा भागच आहे. त्यासाठी लागणारी क्यूजीआयएस (नकाशांसाठी) आणि हेक-रास (नदीचं पाणी कुठवर चढेल ते काढण्यासाठी) ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ती शिकायची तर लॅपटॉप लागतोच.

तुमचा दुसरा मुद्दा असा, की ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर नुकताच येऊन गेला, आता या लोकांना काम काय उरलं?’ हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या घरांतही पक्का बसलेला असतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता 1 टक्का. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही, लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. त्या पातळीच्या पट्ट्यात कुणी 30 वर्षं राहिलं, तर त्या काळात निदान एकदा असा पूर बघण्याची शक्यता सुमारे 26 टक्के, म्हणजे साधारण चारात एक. आणि मोठा पूर येऊन गेला की काम वाढतं. त्या वर्षीचा आकडा नोंदीत येतो, 1 टक्क्याची पातळीच सरकू शकते, मग रेषा पुन्हा तपासायची आणि विम्याचा हप्ताही.

विमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पॉलिसी विकणारा माणूस येतो, पण हे काम त्याच्या कितीतरी आधीचं आहे. कोणत्या शक्यतेचा पूर किती खोल येईल, त्या खोलीला इमारतीचं किती नुकसान होईल आणि ते सगळं धरून वर्षाला सरासरी किती नुकसान गृहीत धरायचं, हे ठरवायचं असतं. चुका होतात त्या तपशिलात. शेजारशेजारच्या दोन घरांपैकी एकाचं जोतं 60 सेंटिमीटर उंच असेल, तर एकाच पुरात एक कोरडं राहतं आणि दुसऱ्यात गुडघाभर पाणी शिरतं. आता उपग्रहांच्या किंवा अवकाशयानाच्या मोजणीतून फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात काही मीटरची चूक असू शकते, कारण त्यात झाडांचे शेंडे आणि छपरंही जमीन म्हणून धरली जातात. तसल्या नकाशावरून घराघराचा हप्ता ठरवणं चूक आहे. तिथे लेव्हल हे मोजणीचं उपकरण लावून उंबरठ्याची उंची मोजावीच लागते.

नदीच्या प्रवाहाचंही तेच. पूर टिपेला असताना वेग मोजायला सहसा कुणी पाण्यात उतरू शकत नाही, म्हणून नुसत्या पातळीवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढतात, तोही लहान पुरांवर बेतलेला आलेख वर ताणून. पात्र पाण्याला किती अडवतं हे सांगणारा मॅनिंगचा गुणांक स्वच्छ पात्राला 0.03 च्या आसपास धरतात, दाट झुडपांच्या काठाला 0.1 च्या आसपास. इथे हात सैल सुटला की मॉडेलमधली पातळी खालीवर होते आणि रेषेच्या आतली घरं बाहेर जातात. मला हे काम मोलाचं वाटतं ते यासाठी. कुणाचं घर कुठे बांधू द्यायचं, हे या आकड्यांवर ठरतं.

पुढचा रस्ता सरळ आहे: गेट ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा द्यायची, जलशास्त्र किंवा जलसंपदा विषयात एम.टेक. अ‍ॅक्च्युअरीच्या (विम्याची जोखीम आकड्यांत मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षा वेगळ्या आणि लांबलचक, या कामाला त्यांची सक्ती नाही.

लॅपटॉप दिल्यावर तिला एक काम सांगा. कोणत्याही एका नदीमापन केंद्राचे 30 वर्षांचे, दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग एवढेच आकडे मिळवायचे. ते उतरत्या क्रमाने लावायचे आणि प्रत्येकाच्या क्रमांकाला 31 ने भागायचं. सर्वांत मोठ्या पुराची वार्षिक शक्यता येईल 1/31. मग गंबेलचं वितरण (मोठ्या पुरांची शक्यता काढायचं गणिती सूत्र) बसवून 1 टक्क्याचा विसर्ग काढायचा. त्यानंतर सर्वांत मोठं वर्ष वगळून तेच पुन्हा करायचं. दोन उत्तरांतला फरक बघून ती कारण शोधत बसली, तर हे क्षेत्र तिचं आहे. तिला कंटाळा आला, तर स्पर्धा परीक्षेचा विचार ती स्वतःच करेल.

पुढचं पत्र तिने लिहावं, ही दोन्ही उत्तरं सोबत जोडून. ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.