सावलीतलं पान गच्चीवर पांढरं का पडतं?

प्रश्न : गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या बाल्कनीत जास्वंद होती. पानं गर्द हिरवी, पण फूल येईना, म्हणून एप्रिलात कुंडी गच्चीवर नेली. आठवड्याच्या आत वरची पानं पांढुरकी पडली. गच्चीवरचीच जुनी जास्वंद मात्र ठणठणीत. पाणी दोघींना सारखंच. हरितद्रव्य जास्त असलेल्या पानाला ऊन जास्त मानवायला नको का?

उत्तर : हरितद्रव्य जास्त, म्हणूनच ते पान भाजलं. सावलीतलं पान मिळेल तो किरण टिपायला घडलेलं असतं. टिपलेल्या ऊर्जेची साखर करणारी यंत्रणा त्याच्याकडे बेताचीच. तसं पाहिलं तर भर दुपारचं ऊन जुन्या जास्वंदीलाही जास्तच होतं. बहुतेक झाडांच्या एकेका पानाची गरज पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्यात, फार तर निम्म्यात भागते. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात. पहिला मार बसतो तो किरण टिपणाऱ्या यंत्रणेतल्या डी-१ या प्रथिनाला. पान ते सतत बदलत असतं, पण मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की हरितद्रव्यही नासतं.

जुनी जास्वंद तगते, कारण गंगापूर धरण भरत आलं की जसा गोदावरीत विसर्ग करतात, तशी ती जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते. ऊन चढलं की हरितलवकातल्या चकत्यांच्या आत आम्लता वाढते, तिथलं एक विकर कामाला लागतं आणि व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झिॲझँथिन करतं. विसर्ग वाढतो तो त्यामुळे, तोही काही मिनिटांत. उन्हात वाढलेल्या पानात या रंगद्रव्यांचा साठा मोठा असतो. तुमच्या बाल्कनीतल्या पानात तो तुटपुंजा होता.

ढग आला तरी हा विसर्ग लगेच थांबत नाही, तेवढी साखर बुडते. अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकं बदलून तंबाखूत तो लवकर थांबवला, तर शेतातली वाढ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरली (२०१६). मला हे फार आवडलं.

आणि हा त्रास उन्हाळ्यातलाच समजू नका. निफाडकडच्या जानेवारीतल्या कडाक्याच्या, स्वच्छ सकाळी द्राक्षाचं पानही यात सापडू शकतं. थंडीनं साखरेचं काम मंदावतं, किरण टिपणं मात्र चालूच राहतं.

आता कुंडी फक्त सकाळचं कोवळं ऊन येईल अशा जागी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत ऊन हळूहळू वाढवा. पांढरी पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण अर्धवट हिरवी असतील ती नवी पालवी येईपर्यंत खुडू नका. पाणीही उगाच वाढवू नका, मुळं कुजतील.