प्लेथोरा : सुबत्ता की अजीर्ण?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची इंग्रजी आवृत्ती मी तयार करतो. यंदा ‘सभासदांसाठी अनेक योजना उपलब्ध आहेत’ या वाक्यासाठी मी ‘अ प्लेथोरा ऑफ स्कीम्स’ असे लिहिले. संचालक मंडळातील एक निवृत्त डॉक्टर ते वाचून हसले आणि म्हणाले, “अहो, प्लेथोरा हा आजार आहे. तो सभासदांना कशाला देता?” कोशात मात्र ‘विपुलता’ असा अर्थ मिळतो. खरे काय मानावे? या शब्दाबरोबर क्रियापद एकवचनी घ्यावे की अनेकवचनी, तेही कृपया सांगावे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी थट्टा केली असली तरी ती साधार आहे, आणि आपण पाहिलेला कोशही चुकलेला नाही. या दोन अर्थांमध्ये काही शतकांचे अंतर आहे, एवढेच.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भरलेपणा’. ग्रीक वैद्यांनी तो शरीरातील रक्ताच्या आधिक्यासाठी योजला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात नावाजलेल्या एरासिस्ट्रॅटस या वैद्याचे मत असे होते की, खाल्लेले अन्न शरीराच्या गरजेपेक्षा जास्त झाले की त्याचे रक्त होऊन शिरा तुडुंब भरतात, ते जिथे जाऊ नये तिथे उतरते आणि त्यातून दुखणी उद्भवतात. त्यावर त्याचा मुख्य उपाय उपासाचा होता. आपल्याकडचे ‘लंघनं परमौषधम्’ हे वचन त्याला नक्कीच पटले असते. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन या वैद्याने हा पक्ष खोडून काढला. शिरा भरल्या असतील तर त्या उघडून रक्त काढावे, उपास करून वाट कशाला पाहायची, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच्या नावाचा दबदबा एवढा की, युरोपात पुढची दीड हजार वर्षे प्लेथोरा म्हटले की रक्त काढणे हे समीकरणच होऊन बसले. रोग्याने हातात एक दांडा घट्ट आवळून धरायचा, म्हणजे शीर फुगून वर येते. मग दंडाला पट्टी बांधून कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या पात्याने छेद द्यायचा आणि खाली वाडगे धरायचे. हे काम बहुधा न्हावी करत. पाश्चात्त्य केशकर्तनालयाबाहेरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब त्या दांड्याची आणि पट्ट्यांची खूण मानला जातो. ते पाते म्हणजे लॅन्सेट. लंडनमध्ये १८२३ साली सुरू झालेल्या आणि आजही निघणाऱ्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाने तेच नाव घेतले. आपल्याकडेही हे काम न्हाव्याकडेच असे, याची साक्ष ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण देते. आज ती बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तुंबडी हे दूषित रक्त ओढून काढण्याचे साधन होते, हे ठाऊक असते.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमार्गे सोळाव्या शतकाच्या मध्यास आला, तोही वैद्यकाच्या ग्रंथांतून. सुमारे १७०० पासून तो रक्ताखेरीज इतर गोष्टींच्या अतिरेकासाठीही वापरला जाऊ लागला, तरी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या सॅम्युएल जॉन्सनच्या गाजलेल्या इंग्रजी कोशात त्याची व्याख्या वैद्यकीयच आहे. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी तो आजही त्याच अर्थाने येतो. कुशिंगच्या विकारात, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार झाले की, रोग्याचा चेहरा गोल आणि लालबुंद होतो, त्या लालीला ते प्लेथोराच म्हणतात. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ६५ टक्क्यांच्या वर गेला आणि बाळ गडद लाल दिसू लागले, तर त्याच्या कागदावर याच शब्दाचे विशेषण लिहिले जाते.

सारांश, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानात या शब्दाच्या मागे ‘नको इतके’ असा एक सूर राहिला. गेल्या शतकात तो विरत गेला आणि आता बहुतेक कोश ‘खूप, विपुल’ हा साधा अर्थही मान्य करतात. तरीही जुन्या वळणाचे संपादक ‘अ प्लेथोरा ऑफ’ दिसताच लेखणी सरसावतात, आणि माझी सहानुभूती काहीशी त्यांच्याकडेच आहे. ‘खूप’ म्हणायला इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. ‘इतके की त्याचेच ओझे झाले’ हे एका शब्दात सांगणारे फार थोडे, आणि त्यातला हा एक झिजू देण्यात काय लाभ आहे, हे मला समजत नाही.

मराठीत हा भेद आपण न शिकवताच पाळतो. आंब्यांची रेलचेल असते, उंदरांचा मात्र सुळसुळाट होतो. पाणी मुबलक असते आणि फलकांची बजबजपुरी माजते. ‘यंदा धरणात पाण्याचा सुळसुळाट आहे’ असे कोणी म्हणणार नाही. प्लेथोराचे भाषांतर करताना म्हणूनच प्रथम वाक्याचा सूर ओळखावा लागतो. पर्यायांच्या गर्दीत माणूस गोंधळला आहे असे सांगायचे असेल तर ‘विपुलता’ हा प्रतिशब्द फिका पडतो. तिथे ‘भाराभर’, ‘नुसता मारा’, प्रसंगी ‘अजीर्ण’ हे शब्द जवळचे. अजीर्ण तर एरासिस्ट्रॅटसच्या मूळ कल्पनेच्या अगदी शेजारी बसते.

आपण विचारले नाही, पण व्युत्पत्तीची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ग्रीक प्लेथोराचा धातू आणि संस्कृतमधील ‘भरणे’ या अर्थाचा ‘पॄ’ हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. ग्रीक आणि लॅटिनमध्ये जिथे ‘ल’ दिसतो, तिथे या कुळात संस्कृत ‘र’ ठेवते. त्यामुळे लॅटिनकडून आलेले प्लस, प्लेन्टी आणि कम्प्लीट हे शब्द एकीकडे आणि आपले पूर्ण, पूर, पुरवठा हे दुसरीकडे, अशी ही चुलत भावंडे आहेत. ‘सप्लाय’ आणि ‘पुरवठा’ यांचे मूळ एकच निघावे, ही गंमत पुरवठा खात्यात नोकरी केलेल्यांना आवडेल. इंग्रजीचे स्वतःचे ‘फुल’ही त्याच कुळातले आहे, संस्कृतच्या ‘प’च्या जागी तिथे ‘फ’ येतो, जसे पितृ आणि फादर, पद आणि फूट. पोळीत भरायचे ते पुरण म्हणजे संस्कृत ‘पूरण’, भरण, तेही याच घरचे. (‘पुराण’ मात्र नव्हे. ते ‘पुरा’ म्हणजे पूर्वी यावरून आले आहे.) आणि पंगतीत वाढपी पुरणपोळीवर तिसऱ्यांदा तुपाची धार धरू लागला की आपण पानावर आडवा हात धरून जे म्हणतो, ते ‘पुरे’देखील इथलेच. म्हणजे एकाच मुळापासून आपल्याकडे ‘पुरे’ झाले आणि ग्रीकांकडे ‘पुरे’ म्हटल्यानंतरही वाढतच राहिल्याने जे होते, त्याचे नाव झाले.

आता क्रियापदाविषयी. ‘अ प्लेथोरा ऑफ’च्या पुढे अनेकवचनी नाम असेल आणि लक्ष त्या अनेक वस्तूंकडे असेल, तर अनेकवचनी ‘आर’ घेण्याचा प्रघात आहे. अतिरेक हीच एक घटना म्हणून बोलत असाल, तर ‘इज’ चालते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत, फक्त एका अहवालात दोन्ही नसावीत. उच्चार करताना आघात पहिल्या अक्षरावर द्यावा, म्हणजे तो ‘प्लेथरा’च्या जवळ जातो. आपण मधल्या ‘थो’वर जोर देतो तो लिपीकडे पाहून, इंग्रजांच्या कानाला तो खटकतो, पण मूळ ग्रीकमध्ये स्वर तिथेच चढत असे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

राहता राहिले आपले वाक्य. पतसंस्थेच्या योजना पाच-सात असतील, तर ‘अ रेंज ऑफ स्कीम्स’ किंवा नुसते ‘सेव्हरल स्कीम्स’ पुरेसे आहे. प्लेथोरा ठेवायचाच असेल तर तो अहवालाच्या शेवटी, सभासदांना भराव्या लागणाऱ्या अर्जांच्या परिच्छेदात ठेवून पाहावा. तिथे डॉक्टरांचीही हरकत असू नये.