पी-व्हॅल्यू एकदा 0.039, एकदा 0.071 : मग खरं काय मानायचं?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोव्यातल्या वाळपईजवळच्या बागायतीतल्या काजूच्या 80 बिया. 40 शेणकाल्यात भिजवून पिशव्यांत लावल्या, 40 साध्या पाण्यात भिजवून. शेणकाल्यातल्या 34 रुजल्या, पाण्यातल्या 26. ऑनलाइन कॅल्क्युलेटरच्या काय-स्क्वेअरने (दोन गटांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी) पी दिला 0.039. प्रबंधाच्या गाईडनी तोच तक्ता 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घातला तर 0.071. मैत्रीण म्हणते, 0.039 म्हणजे शेणकाला लागू पडतो याची 96 टक्के खात्री. गाईड म्हणतात, 0.05 या रूढ मर्यादेच्या वर गेलं, तेव्हा 'फरक नाही' असं लिही. तुझा प्रश्न, कोणाचं ऐकू?

कोणाचंच नको.

दोन आकडे का आले ते आधी बघू, कारण त्यातच सगळं आलं. काय-स्क्वेअरची वक्ररेषा गुळगुळीत असते, पण बिया 33, 34, 35 अशा पूर्ण अंकांत रुजतात. साडेतेहतीस बिया रुजत नाहीत. ही तफावत भरून काढायला फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञाने 1934 मध्ये एक दुरुस्ती सुचवली. दोन-बाय-दोन तक्त्याला 'आर' ती न विचारता लावतं, तुझ्या कॅल्क्युलेटरने लावली नाही. बस, एवढंच. बियाही त्याच, पिशव्याही त्याच.

आता पी म्हणजे काय ते हातानेच करून बघ. क्षणभर धर की शेणकाल्याने काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे ज्या 60 बिया रुजल्या त्या कशातही भिजवल्या असत्या तरी रुजल्याच असत्या आणि उरलेल्या 20 नसत्याच रुजल्या. 80 चिठ्ठ्या कर, 60 वर 'रुजली', 20 वर 'नाही'. नीट पिस आणि डोळे मिटून 40 काढ, त्या शेणकाल्याच्या समज. दोन्ही ढिगांतल्या 'रुजली'चा फरक मोज. पुन्हा पिस, पुन्हा काढ. तुला मिळाला तसा 8 चा किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, दर शंभरात साधारण 7 वेळा निव्वळ पिसण्यातूनच येईल. नेमका आकडा 0.069. यालाच फिशरची एक्झॅक्ट टेस्ट म्हणतात. येट्सची दुरुस्ती लावलेला 0.071 याच्या जवळ बसतो. (ही दुरुस्ती जरा जास्तच सावध आहे की काय, यावर संख्याशास्त्रज्ञांत जुनं भांडण आहे. त्यात तू पडू नकोस.)

म्हणजे पी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : काहीच फरक नसता, तर असा किंवा याहून टोकाचा निकाल नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसला असता? 'शेणकाला लागू पडतो का' हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही. मैत्रिणीचे 96 टक्के इथेच कोसळतात. समज, गावोगावचे असे 100 उपाय तपासले आणि त्यांतले 10 खरोखर गुणाचे आहेत. चांगल्या प्रयोगात त्या 10 पैकी 8 सापडतील. पण बिनकामाच्या 90 मधूनही 0.05 च्या चाळणीतून चार-पाच योगायोगाने पार होतील. 'सिग्निफिकंट' ठरलेल्या बारा-तेरांत चार-पाच पोकळ, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त! पाच टक्के नव्हे. आधी किती उपाय खरे होते यावर हे सगळं अवलंबून असतं आणि पीला त्याचा पत्ता नसतो.

गाईडचं वाक्य त्याहून घातक, कारण ते छापलं जातं. 0.071 म्हणजे फरक असल्याचा पुरावा कमी पडला. फरक नसल्याचा पुरावा मिळाला असं नाही. 0.05 ला आपण देवळातल्या कौलासारखं वागवतो : पाकळी उजवीकडे पडली, होय, डावीकडे पडली, नाही. ती एक्झॅक्ट टेस्ट ज्याच्या नावाची, तो संख्याशास्त्रज्ञ फिशर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करायचा. 1925 च्या पुस्तकात त्याने वीसात एक, म्हणजेच 0.05, ही मर्यादा सोयीची म्हणून घेतली. पुढे त्यानेच सांगितलं की कुठलाही शास्त्रज्ञ दरवर्षी, सगळ्या परिस्थितीत एकच ठरीव पातळी वापरत नाही. होय-नाहीचा काटेकोर नियम नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या 1933 च्या मांडणीतून आला, आणि तिथेही आधी सॅम्पल किती हवं याचा हिशोब होता. आपण दोघांचं मिसळून सोयीचं तेवढं घेतलं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 मध्ये निवेदन काढून बजावलं की पी एखाद्या आकड्याच्या आत आहे की बाहेर, एवढ्यावरच निष्कर्ष काढू नका. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नल परीक्षक अडून बसले तर हे पुढे कर.

मग बघायचं काय? फरक केवढा, ते. 85 टक्के विरुद्ध 65, म्हणजे 20 टक्के-बिंदूंचा फरक. नर्सरीवाल्याच्या दृष्टीने हा मोठा आहे. पण त्याचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (आकड्यांशी जुळणारा खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) साध्या सूत्राने काढला तर साधारण 1.5 ते 38.5 येतो. शेणकाल्याचा उपयोग नगण्य असेल किंवा प्रचंड असेल, दोन्ही तुझ्या आकड्यांशी जुळतं. खरा फरक 20 चा असेल तर तो ऐंशी टक्के वेळा पकडायला प्रत्येक बाजूला 70-75 बिया लागतात. तुझ्याकडे 40 होत्या. प्रयोग वाईट नाही, लहान आहे.

आणि आता जे कुठलंच सॉफ्टवेअर विचारत नाही ते विचारतो. पिशव्या ठेवल्या कशा होत्या? शेणकाल्याच्या 40 शेडच्या सावलीत आणि पाण्याच्या 40 उन्हाच्या कडेला असतील, तर तू सावली तपासलीस, शेणकाला नव्हे. कुठली बी कशात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं होतं का? की टोपलीतल्या वरच्या टपोऱ्या बिया आधी उचलल्या आणि त्या शेणकाल्यात गेल्या? पाण्यात बुडणारी जड बी चांगली रुजते हे काजू लावणाऱ्या कोणालाही माहीत असतं. शिवाय सगळ्या बिया दोन-तीन झाडांच्याच असतील तर त्या 80 स्वतंत्र साक्षी नाहीत. एकाच घरातली माणसं एकसुरात बोलतात. इथे गोंधळ असेल तर 0.039 आणि 0.071 दोन्ही कागदावरची शोभा.

रोपांची उंची, पानं, खोडाची जाडी, मुळाची लांबीही मोजली आहेस असं शेवटी ओझरतं लिहिलंस. ते सगळं प्रबंधात दे, फक्त पी छोटा आला तेवढंच नको. कुठेच फरक नसताना पाच स्वतंत्र गोष्टी तपासल्या तरी त्यांतली निदान एक 0.05 च्या आत येण्याची शक्यता 23 टक्के असते.

निकालाच्या प्रकरणात मी असं लिहिलं असतं : 'शेणकाल्यात भिजवलेल्या 40 पैकी 34 आणि पाण्यात भिजवलेल्या 40 पैकी 26 बिया रुजल्या. फरक 20 टक्के-बिंदू, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.5 ते 38.5. फिशर एक्झॅक्ट टेस्ट, पी 0.069. फरक शेणकाल्याच्या बाजूने दिसतो, पण सॅम्पल लहान असल्याने मोठ्या प्रयोगाची गरज आहे.' इंटरव्हल शून्याच्या वर आणि पी मात्र 0.05 च्या वर कसा, असं कोणी विचारलं तर सांग की दोन्हींची सूत्रं वेगळी आहेत आणि काठावरच्या निकालात असं होतं. दोनपैकी आवडता पी निवडून दुसरा लपवू नकोस, गाईडनी तो पाहिलाय.

पिशव्यांची मांडणी आणि बिया किती झाडांच्या होत्या, ते इथेच लिही. त्यावरून विश्लेषण बदलावं लागेल की नाही ते सांगतो.