घंटेच्या मागे मागे

अरे बाळा,

काल रात्री तुझी ती लिंक उघडली. चारशे बारा फोटो, एकाच रविवारचे! सकाळी केळकर म्युझियम, तिथून सासवड, तिथून वाई-मेणवली, आणि मध्ये मिसळीचे अकरा (ते मात्र झकास आलेत हां). आणि खाली प्रश्न, "मावशी, आता कुठली लेन्स घेऊ?" काही घेऊ नकोस. मी आधी तुझ्या फोटोंवरच्या वेळा बघितल्या, मेणवलीचा पहिला फोटो चार वाजून बारा मिनिटांचा आणि शेवटचा चार एकतीसचा. एकोणीस मिनिटं! एवढा वेळ तर आमच्या सोसायटीत पार्किंग शोधायला लागतो.

त्या एकोणीस मिनिटांत घाट आलाय, कृष्णा आलीय, पायऱ्यांवर गॉगल लावलेला तुझा मित्र आलाय, पण घंटा नाहीये. तिथे घाटावर देवळापाशी छोट्याशा दगडी मंडपात एक भलीमोठी घंटा टांगलीय ना, तीच. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे. नाना फडणवीसांच्या गावात, शंकराच्या दारात मेरी कशी आली? तर १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले, त्यातलीच ही. मी पण पहिल्या दोन खेपांना तिच्या शेजारून गेले, दुसऱ्या वेळी तर तिच्या सावलीत बसून डबा खाल्ला आणि वर बघितलं नाही, त्यामुळे तुला फार बोलायचा मला हक्क नाहीये.

आता पुढच्या रविवारी फक्त मेणवली. पहाटे निघ, पुण्याहून नव्वदेक किलोमीटर आहे, ऊन चढायच्या आत पोचशील. घंटा सावलीत आणि मागे नदी लख्ख, म्हणजे कॅमेरा ऑटोवर ठेवलास की नदी छान येणार आणि घंटा कोळसा. तेव्हा एक्स्पोजर घंटेवर घे, नदी पांढरीफटक झाली तर होऊ दे. मेरी नीट उठून दिसत नाही कारण ती उठावाचं काम आहे, समोरून उजेड पडला की सपाट होते, म्हणून त्या गॉगलवाल्याला कामाला लाव, मोबाईलचा टॉर्च घंटेच्या अंगाला जवळजवळ चिकटवून अगदी बाजूनं धरायला सांग आणि हळूहळू फिरवायला लाव. एका ठिकाणी तिचा चेहरा असा वर येतो ना की तू स्वतःच "आई गं" म्हणशील. तिथे क्लिक. त्या एका फोटोला तास गेला तरी चालेल.

आणि मग गंमत बघ, तुला "पुढे कुठे जाऊ" हे कुणाला विचारावंच लागत नाही. भीमाशंकरला अशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२९ आहे. नाशकात गोदावरीच्या काठी नारोशंकराची घंटा, ती पण वसईची, १७२१ सालची. आणि मग ज्या गावातून ह्या सगळ्या आल्या तिथे नको का जायला? तिघींची तारीख एकाच प्रकारे, जवळ जाऊन, टिपून आणलीस तर ते चारशे बारापेक्षा भारी आहे, असं मला वाटतं.

वसई पुण्याहून एका दिवसात होते, पहाटेची गाडी, दादरला उतरायचं, विरार लोकल, वसई रोडहून किल्ल्याची बस. (विरार लोकलमध्ये बॅग पुढे छातीवर घे आणि कॅमेरा आत.) टळटळीत दुपार किल्ल्यातल्या चर्चमध्ये काढ, छपरं गेलीयत, भिंती आणि कमानी उभ्या आहेत, सावल्या चांगल्या पडतात. तीननंतर किल्ला सोड आणि बंदरावर जा, पाचूबंदरकडे.

बंदराला मात्र घड्याळ बघून नाही, कॅलेंडर बघून जायचं. रेवदंड्याच्या एका कोळीण मावशींनी मला शिकवलं होतं, तिथीला पाऊणनं गुणायचं की आपल्या किनाऱ्यावर भरती किती वाजता ते साधारण कळतं. पंचमी असेल तर पावणेचार, षष्ठीला साडेचार. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे संध्याकाळच्या उन्हात होड्या पाण्यावर तरंगताना हव्या असतील तर पंचमी-षष्ठी गाठ, पौर्णिमेला गेलास तर त्याच वेळी त्या चिखलात कलंडलेल्या असणार, तोही फोटो वाईट नसतो पण वेगळा असतो. मोबाईलवर भरतीची वेळ दिसतेच, ती पण बघच, कारण एकदा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात मी सप्तमीला गेले, अकराच्या ओहोटीला ऐटीत चालत आत, आणि तिथल्या चाकांवरच्या तोफांवरची ती यॉर्कशायरच्या कारखान्याची अक्षरं टिपण्यात एवढी रमले की बाहेर आले तेव्हा दोन वाजलेले आणि पाणी कमरेला! कॅमेरा डोक्यावर, चप्पल दातात. तुझे काका किनाऱ्यावर शहाळं पीत हसत होते.

बंदरावर माणसांचे फोटो आधी काढू नकोस. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका कामात असतात, आपण रविवार मजेत घालवायला गेलेले असतो. आधी चार शब्द बोल, सुकट घे पाव किलो, मग विचार. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या तर पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दे, व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणून कुणी पाठवत नाही हे त्यांना चांगलं माहितीये. लेन्स तिथे बदलायची नाही, खारा वारा आत जातो.

हां, केळकर म्युझियम राहिलं. तुझ्या प्रत्येक फोटोत दिव्याच्या वर काचेत तूच दिसतोयस, पिवळा टीशर्ट घालून. काचेपुढे काळे किंवा गडद कपडे घालून जायचं, लेन्सचा रबरी हूड काचेला टेकवायचा, फ्लॅश बंद. आणि ते आडवे पट्टे आलेत ना, ते ट्यूबलाइटमुळे, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे, शटर एक पन्नासांश नाहीतर एक शतांश ठेव, जातील. एक दालन कर फक्त. अडकित्ते घे, किंवा वज्री, त्या पाय घासायच्या. केळकरांनी एवढं सगळं आयुष्यभर हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून जमवलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ठेवलं, पुढे सरकारकडे दिलं. तिथे धावत सुटायचं म्हणजे काय!

आणि प्रत्येक वस्तूनंतर तिच्या पाटीचा एक फोटो. पाटी नसेल तर तिथेच बसून वहीत दोन ओळी. माझ्या २००९ च्या हार्ड डिस्कमध्ये एक फार सुंदर गजलक्ष्मी आहे, दारावरची, उजेड असा पडलाय की काय सांगू, आणि ती कुठल्या गावची आहे ते मला आज आठवत नाही. चार जणांना दाखवली, कुणी सासवड म्हणतं, कुणी लोणी भापकर.

मेणवलीला जाशील तेव्हा घंटेची खालची कड पण काढून आण, आतल्या बाजूनं. माझा तो फोटो हललाय. आणि सुकट आणलीस तर थोडी मला.

तुझी
मावशी