आहारसल्ला : फजमध्ये अक्रोड किती, साखर किती?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मुलगा आणि सूनबाई लोणावळ्याहून येताना हल्ली चिक्कीऐवजी चॉकलेट वॉलनट फज आणतात. सूनबाईंचं म्हणणं, "आई, यात दूध आहे, अक्रोड आहे. चिक्कीपेक्षा हे पौष्टिक." आमच्या मिस्टरांना डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. तेही "मी अक्रोड खातोय" म्हणत जेवणानंतर दोन वड्या उचलतात. नातू सहा वर्षांचा, तो येता-जाता डब्यात हात घालतो. मला घरात वाद नको, पण नक्की काय ते आकड्यांत सांगाल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आकडे हवेत ना, मग स्वयंपाकघरातला काटाच काढू. दुकानाचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, म्हणून घरी करतात ते साधं प्रमाण घेते : साखर 400 ग्रॅम, दूध 200 मिली, लोणी 60 ग्रॅम, कोको 40 ग्रॅम आणि अक्रोड 100 ग्रॅम. हे आटून, थापून साधारण 680 ग्रॅम फज होतं. एकूण उष्मांक 2,900च्या घरात. म्हणजे 100 ग्रॅमला सुमारे 430, त्यात साखर 60 ग्रॅम, प्रथिनं जेमतेम साडेचार ग्रॅम. लोणी सढळ हातानं घातलं तर उष्मांक 460च्याही वर जातात.

आता 20 ग्रॅमची एक वडी घ्या. (दुकानातली वडी बहुधा याहून मोठीच असते, एकदा तोलून बघा.) तिच्यात उष्मांक 85 ते 90, साखर 12 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे. आणि ज्याच्या नावावर ही वडी खपते तो अक्रोड किती? तीन ग्रॅम. अख्ख्या अक्रोडाच्या गराचे दोन भाग होतात, त्यातला दीड भाग. प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत.

सूनबाईंचं निम्मं बरोबर आहे. अक्रोड चांगलाच. 100 ग्रॅम अक्रोडात 15 ग्रॅम प्रथिनं, साडेसहा ग्रॅम तंतू आणि वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-3 नऊ ग्रॅमच्या आसपास असतं. इतकं ओमेगा-3 बदामातही नसतं आणि काजूतही नसतं. पण चार अख्खे अक्रोड फोडून खाल्ले, की साधारण 15 ग्रॅम गर पोटात जातो, उष्मांक शंभर, साखर नावापुरती. तेवढाच अक्रोड फजमधून मिळवायचा तर पाच वड्या खाव्या लागतील आणि त्यांच्याबरोबर 60 ग्रॅम साखर जाईल. कोकोचंही तेच. 'चॉकलेट हृदयाला चांगलं' हे वाक्य लोणी-साखरेच्या वडीला लावू नये.

मग चिक्की जिंकली का? उष्मांकांत नाही, आणि हे ऐकून माझ्याकडे येणारे पुष्कळ जण नाराज होतात. दाणे आणि गूळ निम्मे-निम्मे धरले तर शेंगदाण्याच्या चिक्कीचे 100 ग्रॅमला 470च्या आसपास उष्मांक होतात, फजपेक्षा कणभर जास्तच. कारण पाकात आहे. फजचा पाक मऊ गोळीवर थांबवतात. वाटीभर पाण्यात थेंब सोडला की बोटांत त्याची मऊ गोळी झाली पाहिजे. तापमान साधारण 115 अंश सेल्सियस. म्हणून फजमध्ये थोडं पाणी शिल्लक राहतं. चिक्कीचा पाक कडक. पाण्यात टाकलेला थेंब कट्‌कन मोडला पाहिजे. त्यात पाणी उरतच नाही, सगळा ऐवज घट्ट.

फरक पडतो तो प्रथिनांत. 20 ग्रॅम चिक्कीत अडीच ग्रॅम प्रथिनं मिळतात, फजच्या तिप्पट, आणि साखर नऊ-दहा ग्रॅम. शिवाय चिक्की चावावी लागते, दातांची परीक्षा असते, दुसरा तुकडा उचलायला वेळ लागतो. फज आटवून, निववून, मग घोटतात ते साखरेचे कण बारीक व्हावेत म्हणूनच. ते जिभेवर विरघळतं आणि हात आपोआप डब्यात जातो. बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांना गूडदाणी विकायचे, त्यातून चिक्की आली, असं लोणावळ्यात सांगतात. ती खाऊन माणूस दगड फोडायला जायचा. आपण खाऊन एक्स्प्रेस-वेवर गाडीत बसतो.

मिस्टरांबद्दल मात्र स्पष्ट बोलते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. 2,000 उष्मांक खाणाऱ्याला हे पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम. ही डायबेटिस नसलेल्यांचीसुद्धा मर्यादा आहे. दोन वड्यांत 24 ग्रॅम झाली, सकाळचा चहा अजून धरलेलाच नाही. 'लोण्यामुळे साखर हळू चढते' असं कुणी सांगेल. हळू चढते, पण चढते. आणि जेवणातला भात-पोळी आधीच रांगेत असतात. खायचीच असेल तर एक छोटी वडी, त्या वेळची पोळी किंवा भात कमी करून, तीही रोज नाही. दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघायला सांगा. माझ्या भाषणापेक्षा तो आकडा लवकर पटतो.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. गोळ्यांमुळे त्यांची साखर कधी खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर गोड म्हणून फज देऊ नका. त्यातली स्निग्धता साखरेला उशीर लावते. अशा वेळी पाण्यात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

नातवाला रविवारी एक वडी द्या, हौसेनं द्या, नंतर चूळ भरायला लावा. डबा मात्र वरच्या फळीवर. त्याचा कुणी चार वर्षांच्या आतला मित्र घरी येत असेल तर अक्रोडाचे मोठे तुकडे त्याच्या हाती देऊ नका, घशात अडकतात. आणि दुसऱ्याच्या मुलाला अक्रोडाची ॲलर्जी नाही ना, हे त्याच्या आईला आधी विचारा.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ घालून घरी असं फज केलं तर हेल्दी होईल का? — पुन्हा तुमचीच वाचक

उत्तर : गुळात उष्मांक साखरेइतकेच, दोन-चारचा फरक. थोडं लोह असतं, पण वडीभर गुळातून मिळून मिळून किती मिळणार! शिवाय उकळत्या दुधात गूळ पडला की दूध बहुतेक वेळा फाटतं आणि फजऐवजी कलाकंदाचा गरीब भाऊ तयार होतो. त्यापेक्षा बिया काढलेला खजूर तुपाच्या थेंबावर परता, त्यात त्याच्या निम्मे भाजलेले अक्रोड आणि चमचाभर कोको घालून थापा. गोड तेही आहेच, डायबेटिसवाल्यांनी मोजूनच खावं. पण तंतू मिळतात, लोणी वाचतं आणि अक्रोड एकतृतीयांश होतो. अक्रोड आधी चाखून बघा. त्यातलं तेल लवकर खवट होतं, गोडात ते कळत नाही आणि सगळा घाणा वाया जातो.

प्रश्न : 'शुगर-फ्री' फज चालेल? — एक आजोबा, सातारा

उत्तर : डबा उलटा करून वाचा, आजोबा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलंच नाव माल्टिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर साखर नाही, पण ग्रॅमला दोन-सव्वादोन उष्मांक आहेत, आणि रक्तातली साखर त्यानंही थोडी वाढते. लोणी आणि चॉकलेटची चरबी तर जिथल्या तिथे. शिवाय 'शुगर-फ्री' म्हणून चार-पाच वड्या खाल्ल्यात तर पोटात गुरगुर आणि जुलाब होण्याची शक्यता असते. त्या दिवशी एसटीनं लांबचा प्रवास ठेवू नका.