टिंटेड लेन्स घातली की उजेड डोळ्यात पसरायचा थांबतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नंबर उणे तीन, टेनिस बॉल क्रिकेट, कधी भर उन्हात तर कधी फ्लडलाइटखाली. उंच कॅच घेताना चेंडू उजेडात हरवतो. दुकानात सांगितलं की अंबर (पिवळसर-तपकिरी) रंगाच्या स्पोर्ट्स कॉन्टॅक्ट लेन्स घाला, त्या डोळ्यातला प्रकाश विखुरू देत नाहीत. चष्म्याच्या आणि लेन्सच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यामुळे लिहितो: हे वाक्य अर्धंच खरं आहे.

उजेड विखुरतो तो पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणात), नेत्रभिंगात, थोडा बुबुळाच्या भिंतीतून झिरपून आणि थोडा दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून, परतून. सगळा मिळून चित्रावर एक धुरकट पडदा धरतो. तरुण निरोगी डोळ्यातही तो असतोच; पासष्टीच्या आसपास साधारण दुप्पट होतो. लेन्स या सगळ्याच्या पुढे, बाहेर बसते. आतली भिंगं काही ती स्वच्छ करत नाही.

आता हिशेब करू. समजा चेंडूकडून 100 भाग उजेड येतो, मागच्या आकाशाकडून 50, आणि पडद्याची भर दोन्हींवर 30. म्हणजे 130 ला 80. निम्मा उजेड अडवणारी राखाडी लेन्स घातली की तेच 65 ला 40. गुणोत्तर जिथल्या तिथे! डोळे कमी दिपतात, ताण कमी वाटतो, पण चेंडू आधीपेक्षा उठून दिसत नाही. उलट बाहुली जरा मोठी होते आणि भिंगाच्या कडेचे दोष आत येतात, विशेषतः संध्याकाळी.

अंबरची गोष्ट वेगळी, कारण ती निळा भाग जास्त अडवते. अगदी बारीक कणांवरून विखुरताना 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 550 च्या हिरव्यापेक्षा सव्वादोन पट विखुरतो. डोळ्यात मात्र मोठे कणही भरपूर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. निळ्याचा फोकसही दृष्टिपटलाच्या जरा पुढेच पडतो, म्हणून तो कापला की कडा थोड्या नीट वाटतात. खरा फायदा पार्श्वभूमीचा: निळं आकाश गडद होतं आणि पिवळा टेनिस बॉल त्यावर झळकतो. लेदरच्या लाल चेंडूला हा हिशेब लागू नाही. तो आकाशापुढे मुळात काळपट दिसतो. मागचं आकाशच अंधारवलं तर फरक घटतो. दुकानदाराला हे विचारून पाहा, गंमत येईल.

2005 मध्ये नायकी आणि बॉश अँड लॉम्ब यांनी मॅक्ससाइट नावाच्या अशा लेन्स काढल्या होत्या: वेगवान चेंडूच्या खेळांसाठी अंबर, गोल्फ-धावण्यासाठी राखाडी-हिरवी. घातल्यावर डोळे लालसर, जरा भुताटकीच दिसत. त्या आता बाजारात नाहीत.

खरेदीआधी एक तपासणी घरच्या घरी करा. सूर्याकडे अजिबात बघू नका. रात्री रस्त्यावरचा दिवा चालेल. एक डोळा मिटा, दिव्याशेजारच्या गडद पाटीकडे बघा आणि हात लांब करून अंगठ्याने फक्त दिवा झाका. पाटीवरचा धुरकटपणा चटकन गेला, तर तो पडदा तुमच्या डोळ्यात किंवा काचेत तयार होतोय. हेच चष्म्यासह, चष्म्याविना आणि साध्या लेन्स घालून करा. चष्म्यासहच जास्त होत असेल तर काचेवरचे ओरखडे बघा. लेन्स घालून दिव्याभोवतीचं वलय पापणी लवल्यावर क्षणभर आक्रसत असेल, तर लेन्स कोरडी पडतेय किंवा तिच्यावर थर बसलाय. माझ्याकडे ‘लेन्समुळे लाइट फुटतो’ म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच निघतं. रंग बदलून ते जात नाही, रोजची नवी लेन्स घेऊन जातं.

वेस्ट इंडिजचा फलंदाज चंद्रपॉल डोळ्यांखाली काळ्या पट्ट्या लावायचा ते आठवत असेल. गालावरून परावर्तित होणारा उजेड कमी करायचा तो उपाय. येल विद्यापीठातल्या 2003 च्या एका अभ्यासात पट्टीपेक्षा काळं ग्रीस सरस ठरलं होतं. मात्र वरून येणाऱ्या उजेडाला टोपीचा पुढचा छज्जा हाच उतारा. छज्जा उजेड डोळ्यात शिरण्याआधीच अडवतो, त्यामुळे वरच्या हिशेबातले ते 30 च कमी होतात. लेन्सला हे जमत नाही.

तुमच्यासाठी माझं मत: पारदर्शक डेली डिस्पोजेबल (एक दिवस वापरून टाकायच्या) लेन्स, छज्जाची टोपी, आणि दिवसा आउटफिल्डला उभं राहताना वरून अंबर गॉगल. लेन्स फक्त बुबुळ झाकते, पांढरा भाग आणि पापण्या उन्हात उघड्याच राहतात. गॉगल धूळही अडवतो, आणि दिवे लागले की काढून खिशात टाकता येतो. टिंटेड लेन्स घालून रात्री बाइकवर घरी जायचं का, हा प्रश्नच उरत नाही. मैदानावर लेन्समध्ये माती गेली तर नळाच्या किंवा बाटलीतल्या पाण्याने धुऊन परत घालू नका, फेकून द्या. दुसरी जोडी किटमध्ये ठेवा.