बिलावर नुसते ‘चांदीचे पदक’ लिहिले असेल तर?

निपाणीचे एक वाचक लिहितात: ‘टिपूच्या पाडावानंतर कंपनी सरकारने दिलेले 1799 चे श्रीरंगपट्टणचे पदक बेळगावात एका व्यापाऱ्याकडून 62 हजारांना घेतले. ते ओरिजिनल असल्याचे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले होते. जाणकार म्हणतात, हा रीस्ट्राइक आहे, जुन्या ठशांवरून मागाहून पाडलेला. व्यापारी म्हणतो, बिलावर अस्सल कुठं लिहिलंय? तपासणीला लंडनला पाठवू का? पुढेमागे विकायचेही मनात होते.’

लंडनला मुळीच पाठवू नका. रीस्ट्राइकही शंभर वर्षांपूर्वीचा असू शकतो, आणि शंभरी ओलांडलेली अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. फिर्यादीचाच आरोपी व्हायचा.

रीस्ट्राइक म्हणजे बनावट माल नव्हे. तसे सांगून विकला तर त्यात गैर काहीच नाही. म्हणून भांडण चांदीवरून नको, व्यापाऱ्याच्या शब्दावरून हवे. वस्तू विक्री कायदा, 1930 चे कलम 15 सांगते की वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. ते वर्णन बिलातच हवे असे नाही. ‘ओरिजिनल, सतराशे नव्याण्णवचं’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश तुमच्याकडे आहे, तो जिवापाड जपा. फोन विकू नका. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र आणि मराठी संदेशांचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. शिवाय नुसत्या चांदीपोटी 62 हजार कोण मोजतो?

जाणकाराचे मत सहीनिशी, कारणांसह लेखी घ्या. सिंह वाघाला लोळवतो आहे ती बाजू, मागची बाजू, कडा, वजनकाट्यावरचा आकडा, सगळ्याचे फोटो काढा. व्यासही मोजा: इंग्लंडच्या सोहो टांकसाळीतले पदक 48 मिलिमीटरचे, कलकत्त्याचे 45 चे. आणि कृपा करून चिंचेने घासू नका; पृष्ठभाग हाच पुरावा आहे.

आधी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. पुन्हा विकण्यासाठी घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. छंद म्हणून घेतले आणि विक्रीचा विचार नुसता मनात आला होता, तर तक्रारीत तसेच लिहा. विकायलाच घेतले असेल, तर खोटे लिहू नका, तीन वर्षांत दिवाणी दावा लावा.

व्यापारी ‘पदक आणा, बघतो’ म्हणाला, तर लेखी पोच घेतल्याशिवाय ते त्याच्या हातात देऊ नका.